‘आपल्यावर’ म्हणजे कोणावर

पर्ल हार्बरच्या धक्क्यावरून आमची बोट सुटली तेव्हा माझा नातू आठ वर्षांचा होता. आधी एका काळोख्या सभागृहात माहितीपट दाखवला होता, त्यामुळे बोटीत बसताना सगळेच गप्प होते. पाणी संथ होतं, वारा पडलेला. समोर पांढरीशुभ्र, मधे खचल्यासारखी दिसणारी एक लांबट इमारत. ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका तिथे तळाशी आहे आणि तिच्यावर आडवी, पण तिला कुठेही न टेकता ही इमारत उभी केली आहे. शेवटच्या दालनात संगमरवरी भिंतीवर १,१७७ नावं आहेत. ७ डिसेंबर १९४१च्या सकाळी या एका जहाजावर गेलेली माणसं. लोक भिंतीपाशी उभे राहत, ओठ हलवत नावं वाचत आणि बाजूला होत. नातवाचं लक्ष मात्र पाण्याकडे होतं. जहाजाच्या पोटातलं तेल इतक्या वर्षांनंतरही थेंबाथेंबाने वर येतं. एक थेंब वर आला, फुटला आणि रंग पसरत गेला.

“आजी,” तो हळूच म्हणाला, “जपानने आपल्यावर बॉम्ब का टाकले?”

यवतमाळच्या शाळेत मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. ‘का’चं उत्तर मला तोंडपाठ होतं : चीनवरची स्वारी, अमेरिकेने रोखलेलं तेल, जपानी नौदलाचं गणित. अडले मी ‘आपल्यावर’ या शब्दाशी. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. हा मुलगा अमेरिकेत जन्मलेला. त्याच्या इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द, पण मराठीत बोलताना त्याने मला आत घेणारा शब्द उचलला. त्याच्या हिशेबी पर्ल हार्बरवरचे बॉम्ब माझ्यावरही पडले होते. मी त्याचा हात धरला आणि “सांगते” म्हटलं. पुढची तीन वर्षं ते सांगणं राहून गेलं.

त्या दिवशी परतताना अभ्यागत केंद्रात आम्ही एक नखाएवढा कागदी करकोचा पाहिला. हिरोशिमाच्या सदाको सासाकीने स्वतः घातलेल्या घड्यांचा. दोन वर्षांची असताना तिने बॉम्ब अनुभवला आणि बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. तिच्या घरच्यांनी हा करकोचा पर्ल हार्बरला दिला, ही मला फार मोठी गोष्ट वाटली. आणखी एक गोष्ट लेकीने सांगितली. ॲरिझोनाचं हे स्मारक ज्याने रेखाटलं तो वास्तुकार आल्फ्रेड प्राइस मूळचा ऑस्ट्रियाचा. हिटलरच्या भीतीने तो होनोलुलूला पळून आला आणि पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ‘शत्रुदेशाचा माणूस’ म्हणून त्यालाच डांबण्यात आलं होतं. १९६२ साली उघडलेलं हे स्मारक अशा माणसाच्या हातचं आहे.

पुढच्या वर्षी मी सहलीच्या गटाबरोबर जपानला गेले. हिरोशिमाला आमच्या वाट्याला जेमतेम साडेतीन तास आले होते. बाकी सगळे बॉम्बमधून उरलेल्या घुमटाच्या सांगाड्याचे फोटो काढत होते आणि मी संग्रहालयात एका तीनचाकी सायकलसमोर उभी होते. तीन वर्षांचा मुलगा ती चालवत होता. तो गेल्यावर बापाने अंगणात त्याच्याबरोबर सायकलही पुरली आणि चाळीस वर्षांनी ती उकरून संग्रहालयाला दिली. १९४५ संपेपर्यंत त्या शहरातले सुमारे १,४०,००० लोक गेले, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. त्या गंजक्या सायकलपुढे तो आकडा डोक्यात राहीना.

बाहेर बागेत कमानीखाली दगडी पेटी आहे, तिच्यावर एक छोटा लेख. मृतांनी शांत झोपावं, ती चूक पुन्हा होणार नाही, अशा अर्थाचा. चूक कोणाची, हे त्यात नाही. जपानी वाक्याला कर्ता नसला तरी चालतं. मराठीलाही चालतं. ‘चूक झाली’ असं आपण म्हणतो आणि कोणाकडून झाली ते गुलदस्त्यात ठेवतो. जपानी युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ साली तिथे आले तेव्हा या लेखावर संतापले होते. बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चुकीची कबुली ते का देतात, हा त्यांचा सवाल. हिरोशिमाचं उत्तर असं की त्या न लिहिलेल्या कर्त्याच्या जागी सगळी मानवजात आहे. म्हणजे आपण. मला पालांचा संताप समजतो, पण मन त्या लेखाकडेच झुकतं.

तरी ‘आपण’ म्हणणं हिरोशिमालाही सोपं गेलेलं नाही. बॉम्बने मेलेल्यांत हजारो कोरियन होते, पुष्कळांना मजुरीसाठी आणलेलं. त्यांचं स्मारक १९७० साली झालं ते बागेबाहेर, नदीच्या पलीकडे. ते आत यायला १९९९ उजाडलं. हे शहर लष्कराचं मोठं ठाणं होतं आणि इथून फौजा चीनला जात, हे संग्रहालयात नीट मांडायला १९९४ साल लागलं. अमेरिकेतही तेच. १९९५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान आणि त्या बॉम्बखाली सापडलेल्यांच्या वस्तू एकत्र मांडायच्या होत्या. माजी सैनिकांचा इतका विरोध झाला की वस्तू वगळल्या गेल्या आणि विमान राहिलं. आपल्या मेलेल्यांसाठी रडताना दुसऱ्याचे मेलेले डोळ्यांपुढे आणणं जड जातं, याचा राग मला येत नाही. पण ज्यांनी ते केलं त्यांच्याविषयी आदर वाटतो. शिगेआकी मोरी हा हिरोशिमाचा साधा नोकरदार, आठव्या वर्षी स्फोटातून वाचलेला. त्या बॉम्बने मेलेल्या १२ अमेरिकी युद्धकैद्यांची नावं आणि त्यांच्या घरच्यांचे पत्ते तो कित्येक दशकं स्वतःच्या पैशाने शोधत राहिला. २७ मे २०१६ला बराक ओबामा हिरोशिमाला आले तेव्हा त्यांनी याच म्हाताऱ्याला मिठी मारली. त्याच वर्षी डिसेंबरात जपानचे पंतप्रधान शिंझो आबे पर्ल हार्बरला गेले. २०२३ साली दोन्हीकडच्या स्मृतिउद्यानांनी भगिनी-उद्यानांचा करार केला, तेव्हा हिरोशिमातल्या काही पीडितांनी कळवळून हरकत घेतली. सैनिकी तळावरचा हल्ला आणि शहरावरचा अणुबॉम्ब एका तागडीत कसे बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही मला पटतं.

यंदा जुलैत नातू यवतमाळला आला. आता अकरा वर्षांचा, आवाज फुटायच्या बेताला. गप्पांमध्ये त्याने सांगितलं की त्याच्या वर्गातल्या मित्राची पणजी लहानपणी ‘कॅम्प’मध्ये होती. आधी त्याला ती सहलीची छावणी वाटली होती. १९४२च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक आदेश काढला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारेच्या आत नेऊन ठेवलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. १९८८ साली सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. नातवाला छळत होती ती वेगळीच गोष्ट. “आजी, ती पण ‘आपण’च होती ना? मग तिला का नेलं?”

आता सांगणं टाळता येत नव्हतं. त्याला घेऊन मी दोन दिवसांचा प्रवास ठरवला. पहिला दिवस वणीचा.

ऑगस्टचे पहिले दिवस होते. उघडीप मिळाली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीत डवरणी चाललेली. बैलाच्या तोंडाला मुसकं, मागे डवरा आणि त्यामागे माणूस. करंजी, मारेगाव मागे टाकत आम्ही वणीला पोचलो तोवर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. माझ्या मावससासूबाई वणीत राहतात. वय ९२. कान कमी झालेत, पण स्मरण धडधाकट आहे. नातवाला जवळ बसवून मी विचारलं, “बाई, तुमच्या लहानपणी लढाई झाली होती नं? काय आठवते?”

“लढाई कोन पाह्यली बाप्पा,” त्या म्हणाल्या. “जपान येऊन रायला, जपान येऊन रायला, असं लोक म्हनत. कोठून येते, कसा दिसते, काही मालूम नाही. आमी पोट्टे झाडावर चढून पाहो. घासलेट भेटे नाही. जवसाच्या तेलाचा दिवा लावे माय. आन् कापड कंट्रोलवर. कंट्रोल म्हनजे रांग, मरनाची रांग.”

नातू ‘कंट्रोल’पाशी थबकला. त्याच्या ओळखीचा इंग्रजी शब्द ९२ वर्षांच्या वऱ्हाडी तोंडातून आला होता. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला आजही कंट्रोल म्हणतात. तांदूळ कंट्रोलचा, गहू कंट्रोलचे. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत सरकारने कापड, धान्य, घासलेट ताब्यात घेतलं, त्या हुकमाचं नाव आमच्या बोलीत राहून गेलं. वणीत ॲरिझोना नाही आणि घुमटाचा सांगाडाही नाही. पण त्या लढाईचा एक शब्द दर महिन्याला पिशवी घेऊन जाताना लाखो लोक उच्चारतात. त्यांतल्या कोणालाही तो लढाईचा आहे हे आठवत नाही. हे लक्षात आलं आणि मी त्या दुपारी जराशी हलले.

वणीला येण्याचं खरं कारण लोकनायक बापूजी अणे हे होतं. माधव श्रीहरी अणे वणीचे, जन्म २९ ऑगस्ट १८८०. आमच्या जिल्ह्यात त्यांचं नाव घेतलं की लोक दोन गोष्टी सांगतात : टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि १९३० साली पुसदला गवत कापून केलेला जंगल सत्याग्रह. दोन्ही खऱ्या. मी स्वतः वर्गात एवढंच शिकवत आले. पण १९४१ साली अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांच्याकडे खातं आलं ते परदेशस्थ हिंदी लोकांचं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर आठवड्यांतच जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. रंगून रिकामं झालं. १९४२च्या पहिल्या सहामाहीत सुमारे पाच लाख हिंदी लोक डोंगर, जंगल, चिखल तुडवत पायी भारताकडे निघाले. हजारो वाटेतच पटकीने, हिवतापाने, भुकेने पडले. त्यातही वाटा दोन होत्या. एक बरी, ती गोऱ्यांसाठी राखलेली आणि दुसरी खडतर, ती काळ्यांची. ‘गोरी वाट’ आणि ‘काळी वाट’ ही नावं तेव्हाच पडली आणि देशभर बोभाटा झाला. त्या लोकांची जबाबदारी ज्या खात्यावर होती त्याचे प्रमुख आमच्या वणीचे अणे होते.

त्या पाच लाखांसाठी नावांची भिंत मी कुठे पाहिलेली नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांना एक वाक्यही नव्हतं, आणि नसताना मी ते कधी घातलं नाही. इतक्या वर्षांत कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांना मी हिरोशिमा शिकवलं, पर्ल हार्बर शिकवलं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या टेबलावर ज्यांचे कागद येत होते ते लोक शिकवले नाहीत. हे मला आता लागतं.

नातवाला मी नकाशा काढून दाखवला. ६ एप्रिल १९४२ला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. डिसेंबरात कलकत्त्यावर. अंदमान तर त्यांनी मार्चमध्येच घेतलं होतं.

“म्हणजे खरंच आपल्यावर टाकले होते!” तो म्हणाला. मग विचारात पडला. “पण तेव्हा आपण ब्रिटिश होतो का?”

इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. “नाही,” मी म्हटलं. “पण लढाईत आपल्याला न विचारताच ओढलं होतं.” अणेंची सगळी कोंडी या उत्तरात होती. गांधीजी तुरुंगात आणि अणे सरकारात, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ऑगस्ट १९४२मध्ये चिमूर गावात सरकारने केलेल्या दडपशाहीनंतर सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशी मागायला दिल्लीला गेले ते अणेंच्याच दारी, आणि तिथेच उपवासाला बसले. त्यांना पकडून परत पाठवलं तरी तो उपवास ६३ दिवस चालला. फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपवास मांडला तेव्हा मात्र अणेंनी राजीनामा दिला. अणे सरकारात गेले ते चुकले, असं मी तरुणपणी ठासून म्हणत असे. आता तसं म्हणवत नाही.

दुसरा दिवस ६ ऑगस्ट. सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळहून वर्ध्याला निघालो. कळंबला चिंतामणीच्या देवळात उतरायचं नातवाच्या मनात होतं, कारण पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं असा देव त्याने पाहिला नव्हता. तिथे अर्धा तास गेला. कळंबहून वर्ध्याला आता रेल्वेही झाली आहे, पण आम्ही एसटीनेच पुढे निघालो. वर्धा नदी ओलांडली, जिल्हा बदलला आणि देवळी आलं. नावाचा योगायोग असा की राजस्थानातही एक देवळी आहे. मलाया, सिंगापूर आणि हिंदुस्थानात राहणाऱ्या जपानी दुकानदारांना, फोटोग्राफरांना, त्यांच्या बायकामुलांना इंग्रजांनी धरून आणलं आणि आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत, मग त्या देवळीत ठेवलं. नातवाच्या मित्राची पणजी कॅलिफोर्नियातून उचलली गेली त्याच वर्षांतली ही गोष्ट. युद्ध संपल्यावर त्या छावणीत जपान हरला हे मानणारे आणि न मानणारे असे तट पडले, आणि १९४६ साली तिथे गोळीबार होऊन माणसं मेली. घरापासून हजारो मैलांवर, तारेच्या आत बसून, आपला देश हरलाच नाही असं धरून राहणाऱ्यांची मला कीव येते. दुसरं काय उरलं होतं त्यांच्याकडे?

वर्ध्यात आधी विश्वशांती स्तूपावर गेलो. गीताई मंदिराजवळच आहे. पांढरा घुमट, चार दिशांना बुद्धाच्या चार मूर्ती, भोवती हिरवळ. पावसाने फरशी निसरडी झाली होती. हा स्तूप फुजी गुरुजींच्या इच्छेतून झाला. निचिदात्सु फुजी, निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक. ऑक्टोबर १९३३मध्ये ते वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. ‘गुरुजी’ हे त्यांचं नाव गांधीजींमुळेच रूढ झालं. त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५चा. म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला तो त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. जपानात साठावं वर्ष हे आयुष्याचं एक आवर्तन पुरं होऊन माणूस नव्याने जन्मल्याचं मानतात. त्यानंतर त्यांनी उरलेलं आयुष्य स्तूप उभारण्यात घातलं. पहिला १९५४ साली त्यांच्या कुमामोतोत, पुढे राजगीरला, आणि १९८५ साली, ते वारले त्याच वर्षी, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेव्हरेट गावात. बॉम्ब टाकणाऱ्या देशात जाऊन, तिथल्या माणसांच्या मदतीने, बॉम्ब झेललेल्या देशातल्या भिक्षूंनी टेकडीवर बांधलेला तो स्तूप, आणि त्याचा भाऊ आमच्या वर्ध्यात.

स्तूपाशेजारच्या देवळातून ढोलाचा आवाज येत होता. ढोल म्हणजे दांडी असलेलं, पंख्यासारखं गोल चामडं. काठीने मंत्राच्या एकेका अक्षराला एकेक ठोका. नातवाने कान टवकारले. मला मात्र तो नाद अनोळखी वाटला नाही, कारण आम्ही खंजिरीच्या मुलखातले. खंजिरीवर भजनं म्हणणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९४२ साली तुरुंगात होते आणि १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. आमच्याकडे गावोगावी त्यांची सामुदायिक प्रार्थना होते. हातात धरायचं एक चामडं आणि त्यावर थाप, एवढ्या सामानावर चालणारी भक्ती विदर्भाला समजावून सांगावी लागत नाही.

सेवाग्रामला पोचायला दुपार झाली. बापूकुटीत अनवाणी शिरताना शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते. मी इथे अनेकदा मुलांच्या सहली आणल्या आहेत. चष्मा, काठी, तीन माकडं, व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला दूरध्वनी, हे सगळं दाखवून परत नेल्या आहेत. या वेळी नातवाला व्हरांड्यात बसवून मी दोन पत्रांची गोष्ट सांगितली.

१९४२च्या जुलैत काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात इंग्रजांनी जावं असा ठराव केला. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ जुलैला, गांधीजींनी सेवाग्रामहून एक पत्र लिहिलं, सगळ्या जपान्यांना उद्देशून. ‘हरिजन’मध्ये ते २६ तारखेला छापून आलं. त्यात त्यांनी चीनवरच्या आक्रमणाबद्दल जपानला सडेतोड सुनावलं आहे. हिंदुस्थानात तुमचं स्वागत होईल या भ्रमात राहू नका, आम्ही इंग्रजांच्या सत्तेशी लढतो तसे तुमच्याशीही लढू, असा त्याचा आशय. पण त्याच पत्रात केशव नावाच्या एका जपानी भिक्षूची आठवण आहे. फुजी गुरुजींच्या संघातला हा तरुण आश्रमात राहायचा, वाट्याला आलेलं काम चोख करायचा, हसतमुख असायचा. जपानने युद्ध पुकारल्यावर सरकारने त्याला नेलं. मागे राहिली त्याची प्रार्थना आणि त्याचा छोटा ढोल. गांधीजी लिहितात की आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आता त्यानेच सुरू होते.

दुसरं पत्र अमेरिकन मित्रांना. तारीख ३ ऑगस्ट १९४२, ठिकाण मुंबईच्या वाटेवर. थोरोने सविनय कायदेभंगाच्या विचाराला बळ दिलं, ते ऋण त्यात मानलेलं आहे. आणि मग स्पष्ट विचारणा : तुम्ही इंग्लंडच्या बाजूने उभे आहात, तर इंग्रज इथे जे करतात त्याची जबाबदारी तुम्हालाही झटकता येणार नाही. नातवाला मी सांगितलं, वर्ध्याहून मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी आपल्या धामणगाववरून जाते. यवतमाळचे लोक मोठी गाडी धरायला जिथे जातात त्या फलाटासमोरून, त्या पत्राचा लेखक गेला. सहाच दिवसांनी, ९ ऑगस्टच्या पहाटे, त्याला पकडलं.

एका पंधरवड्याच्या अंतराने, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन देशांतल्या माणसांना एकाच हाताने लिहिलेली ही पत्रं आहेत. दोन्हींत मैत्री आहे आणि दोन्हींत कान उपटले आहेत. मी ती विद्यार्थिनी असताना वाचली होती, पण वेगवेगळी. शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती.

“केशवला शत्रू म्हणून नेलं?” नातवाने विचारलं.

“हो.”

“आणि हे लोक त्याची प्रेअर म्हणत राहिले? वॉर चालू असताना?”

“रोज. सगळ्यात आधी.”

तो बराच वेळ अंगणातल्या पिंपळाकडे बघत होता. १९३६ साली गांधीजींनी लावलेलं झाड. मग म्हणाला की हे त्याला मित्राला सांगायचंय.

सहा वाजता प्रार्थनाभूमीवर बारीक खड्यांवर चटया टाकल्या. आम्ही धरून वीसेक माणसं. नागपूरचं एक जोडपं, नयी तालीमच्या शाळेतली मुलं, आश्रमातली वयस्क मंडळी. आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि कडुलिंबावर साळुंक्यांचा कलकलाट. क्षणभर शांतता. मग सूचना नाही, प्रस्तावना नाही, ती जपानी अक्षरं सुरू झाली, मराठी गळ्यांतून, मराठी उच्चारात : नम्यो हो रेंगे क्यो. नातवाने चमकून माझ्याकडे पाहिलं. सकाळी स्तूपावर ऐकलेलेच शब्द. ते संपले आणि ईशोपनिषदाचा मंत्र आला, पुढे इतर धर्मांच्या प्रार्थना. कोणी वळून पाहिलं नाही, कोणाला त्यात काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

प्रार्थना संपल्यावर लोक चटया गुंडाळू लागले तरी तो उठेना. बोटांवर वेळ मोजत होता. “जपानमध्ये आता साडेनऊ-दहा वाजले असतील,” तो म्हणाला. हिरोशिमात आजच्या रात्री नदीत कागदी कंदील सोडतात, हे मी त्याला सकाळी सांगितलं होतं. “होनोलुलूला मध्यरात्र उलटून गेली असेल. माझ्या मित्राकडे पहाट.” दुसऱ्या हाताने तो खड्यांवर ठोके देत होता, एकेका अक्षराला एक, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. पाऊस आला तेव्हा आम्ही व्हरांड्याकडे धावलो.